ऐरावताची अचल प्रतिष्ठा

ठाणे, २२ सप्टेंबर १९५१, शनिवार

वीज कंपनीचे पत्र आले. साडेचार ओळी, त्यात एकही विशेषण नाही. अशी माणसे जगात असतात हे मला ठाऊक आहे, पण त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागतो तेव्हा जीव कासावीस होतो.

मजकूर असा: तलावांत यंदा पाणी कमी साठले आहे, सबब सर्व कारखान्यांना कपात. आमच्या मीटरचा काटा महिन्यातून साठापर्यंत चढतो. एक नोव्हेंबरपासून तो पंचेचाळीसच्या वर जाता कामा नये. गेल्यास पुरवठा तोडण्यात येईल. कशाचे साठ आणि कशाचे पंचेचाळीस, ते पत्रात नाही. विचारले तर आपण अडाणी ठरू, म्हणून शेठनी विचारले नाही, आणि मीही.

माजिवड्याच्या रस्त्याला असलेला हा आमचा कारखाना कंदिलाच्या वाती आणि परकराच्या नाड्या विणतो. म्हणजे आम्ही वीज जाळून ज्यांच्या घरी वीज नाही त्यांच्यासाठी माल तयार करतो. यातला विनोद मी गोपीनाथशेठना नोकरीला लागलो त्या वर्षीच सांगून पाहिला होता. ते हसले नाहीत. पत्रव्यवहार कारकुनाने विनोद करू नये असे त्यांचे मत दिसते, आणि सहा वर्षांनंतर माझेही तेच होत चालले आहे.

शेठ म्हणाले, "खांबेटे, एक झकास विनंतीअर्ज लिहा. त्यांना पाझर फुटला पाहिजे."

लिहितो. इंग्रजी पत्र मी संस्कृतात योजतो, मराठीत जुळवतो आणि मग उतरवतो. तीन घरांतून फिरून आल्यामुळे त्याला थोडा भारदस्तपणा येतो.

२६ सप्टेंबर

तानाजी वायरमन दुपारी टेबलाशी येऊन उभा राहिला. हा मूळचा साताऱ्याकडचा. लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत विजेच्या खात्यात होता. छावणी मोडली, सामानाचा लिलाव झाला, त्यात शेठनी शंभर घोड्यांच्या ताकदीची एक प्रचंड मोटर घेतली, आणि मोटरीमागून तानाजी आमच्याकडे आला. आंदण म्हणावे तसा.

"शास्त्रीबुवा, अर्ज लिवून काय हुनार न्हाई. मोटर बदला म्हनावं शेठला."

"का रे बाबा?"

"आपल्या समद्या मागांना मिळून काम हाय तीस-पस्तीस घोड्यांचं. आन् जुपलाय हत्ती. हत्तीनं गाडी वढू दे न्हाईतर नुसता हुबा ऱ्हाऊ दे, त्याला चारा लागतोच. मोटर जागी ऱ्हायलाच वीज खाती. ती वीज जाती आन् तशीच माघारी येती, काम काय करत न्हाई. पर कंपनीच्या तारंतनं जाती नव्हं? मग काटा चढतो."

म्हणजे जाते, येते, कार्य काही नाही आणि फळाची अपेक्षा नाही. मी म्हटले, तानाजी, ही निष्काम वीज आहे. तो म्हणाला, "तुमी हसा. जुनी चाळीस घोड्यांची मोटर मागच्या गुदामात पोत्यांखाली पडलीया. दोन दिसांचं काम. काटा चाळीसच्या आत आला न्हाई तर माझं नाव लावनार न्हाई."

मोटर बदलता येणार नाही. ती का बदलता येणार नाही ते या गावात दोनच माणसांना माहीत आहे, शेठना आणि मला. आणि त्यांना ते मीच सांगितलेले आहे.

२७ सप्टेंबर

हे एकदा लिहून काढतो. वहीला तरी खरे माहीत असावे.

१९४८ च्या खंडेनवमीला मोटर नुकतीच बसली होती. शेठनी मला सोवळे नेसवून पूजेला बसवले, कारण पाठशाळेत सात वर्षे काढलेला दुसरा माणूस पगारपत्रकावर नव्हता. मोटरीला नाव हवे म्हणाले. पांढरा रंग, अवाढव्य अंग, तेव्हा ऐरावत म्हटले. शेठ खूश झाले. तिथे थांबायचे होते. पण समोर चाळीस माणसे हात जोडून उभी, आपल्या प्रत्येक शब्दाला माना डोलावणारी. असा श्रोतृवर्ग मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. मी यंत्रपूजेचे चार मंत्र म्हणून न थांबता, देवळात मूर्तीची स्थापना करताना म्हणतात तो प्राणप्रतिष्ठेचा विधी खडाखडा म्हटला. मोटरीवर हात ठेवून. आणि सगळे पांगल्यावर शेठनी विचारले, आता पुढे काय पाळायचे, तर अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितले, "शेठ, ही अचल प्रतिष्ठा झाली. घरातले देव चल, ते उचलून ठेवता येतात. हा देवळातल्यासारखा. आता जागेवरून हलवायचा नाही, वंशाला लागते."

मला वाटले ते हसतील. त्यांनी नमस्कार केला.

त्या वर्षी धंदा बरा झाला. मग भिंतीवर श्लोक रंगवून घेतला (माझाच, दुसऱ्या चरणात एक मात्रा कमी आहे, अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही), पत्राच्या कागदावर 'शंभर अश्वशक्तीवर चालणारा कारखाना' असे छापून घेतले. थट्टा होती हे सांगायला आधी आठवडा उशीर झाला, मग महिना. आता तीन वर्षे झाली.

३ ऑक्टोबर

अर्जाला उत्तर आले. दीड ओळ. 'विनंती अमान्य.' माझी चार पाने होती.

शेठनी बोलावून सांगितले की निम्मे माग बंद करायचे. मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या चव्वेचाळीस बायकांपैकी बावीस जणी महिनाअखेर कमी करायच्या. नोटिसा मी लिहायच्या, आणि नावेही मीच काढायची, "कारण तुम्हाला सगळ्या ओळखतात, वाईट वाटून घेणार नाहीत."

मी म्हटले, "शेठ, तानाजी म्हणतो, जुनी मोटर..."

शेठनी माझ्याकडे पाहिले. "देव हलवायचा? तुम्ही हे बोलता, खांबेटे?"

आमच्या दोन खोल्या कारखान्याच्याच आवारात आहेत, त्यांची मागची भिंत मोटरघराची. गेली तीन वर्षे मी त्या घरघरीत जेवतो. आज पहिल्यांदा वाटले की ती भिंतीच्या या बाजूला आहे.

५ ऑक्टोबर

शेठकडे मुंबईचे एक पाहुणे आले होते. गृहस्थ वेगळेच. आमच्या वाती त्यांनी हातातही घेतल्या नाहीत. नाड्यांचे नमुने मी आणून ठेवले तेही तसेच राहिले. मीटरच्या खोलीत मात्र पाव तास होते. मग मागांच्या दालनात जाऊन फरशी पावलांनी मोजली.

जाताना म्हणाले, "नवी जोडणी हल्ली देतंय कोण? वर्षानुवर्षं अर्ज पडून आहेत. जागा कुठंही मिळते, वीज मिळत नाही. हे शंभर तुमच्या नावावर कागदोपत्री आहेत ना?"

"कागदोपत्री आहेत आणि दैवतही आहे," शेठ म्हणाले. दोघे हसले.

ऐरावताची कीर्ती मुंबईपर्यंत गेलेली पाहून मला एरवी गंमत वाटली असती.

वासंतीला सांगितले. तिने भाजी चिरताना विचारले, "सूत मागवलंत का पुढच्या महिन्याचं?"

नाही. शेठनीच थांबवले आहे. कपातीच्या दिवसांत काटकसर करतात, दुसरे काय. ती 'हं' म्हणाली. तिचे 'हं' हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. माझा त्यात प्रवेश नाही.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज सांगायचेच असे ठरवून सोवळे नेसलो. सर्वांसमक्ष सांगायचे: मंडळी, ती थट्टा होती, हे लोखंड आहे, याला उचला आणि गुदामातले छोटे लोखंड आणा.

झेंडूची माळ घातली. हळदकुंकू झाले. शेठ सपत्नीक बसले होते. बायका मागे उभ्या, त्यात रखमाबाई सगळ्यांच्या पुढे. ही कांड्यांच्या खात्यातली सर्वांत जुनी, नवरा मिठागरावर जातो, तोंडाने फटकळ. संकल्पाच्या वेळी शेठ हळूच म्हणाले, "बुवा, यंदा तेवढं जरा सविस्तर होऊ द्या. वेळ वाईट आहे."

आणि मी सविस्तर केले. घंटानाद, मंत्रपुष्प, सगळे. आवाजही चांगला लागला होता.

प्रसाद घेताना रखमाबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, बावीस जणींचं खरं का हो?"

"अजून काही नक्की नाही."

"नावं तुमीच काढणार म्हनं. माझं काढलंत तर तुमच्या दारातच येऊन बसेन, सांगून ठेवते. बसायची सवय हाय मला, अकरा वर्सं बसलेय." मग मोटरीकडे हात केला. "आन् ह्या तुमच्या देवाला इचारा, आमच्याच पोटावर कसा बसला म्हून."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

१२ ऑक्टोबर

तानाजीने आज जेवणाच्या सुट्टीत मला मीटरच्या खोलीत ओढून नेले. तिथे दोन काटे आहेत. तांबडा महिन्यात जिथवर चढेल तिथेच अडून राहतो. काळा घडीघडीचे सांगतो. सगळे माग चालू असताना काळा साठाला होता. मग तानाजीने निम्मे माग थांबवले.

चोपन्न.

"आता बगा." त्याने मुख्य पट्टाच उतरवला. एकही माग चालू नाही, एकही नाडी विणली जात नाही, नुसता ऐरावत आपल्या खोलीत फिरतो आहे. काळा काटा एकावन्नावर येऊन थांबला. मी काचेवर टिचकी मारली. तो हलला नाही.

"बावीस न्हाई, समद्या चव्वेचाळीस घरी धाडा," तानाजी म्हणाला, "सोता शेठबी घरी बसू दे. तरी पंचेचाळीस व्हायचं न्हाई. पयल्या तारखेला तार तुटनार."

म्हणजे मी ज्या बावीस नोटिसा लिहिणार त्यांचा उपयोग एक काटा सहा घरे खाली आणण्यापुरताच.

संध्याकाळी हे आकडे एका कागदावर मांडून शेठपुढे ठेवले. त्यांनी पाहिले. "मग आणखी अकरा जणी कमी करा," म्हणाले.

"शेठ, त्यानं काही..."

"करा हो. वेळ थोडा आहे."

श्रद्धा माणसाला इतकी आंधळी करते, आणि ती श्रद्धा मी त्यांना दिलेली. हा विचार एकदा आला की जागा बदलून बसले तरी जात नाही.

१३ ऑक्टोबर

तानाजी म्हणाला, खंडित मूर्ती पुजत नाहीत ना, मग आपण ती खंडित करू. एक पाना आत टाकला की झाले. त्याच्या डोळ्यांत फारच समाधान दिसले. मी त्याला गळ घातली की असले काही करू नको. नोकरी जाईल, तुरुंगही दिसेल.

"मग तुमी करा काय तरी," तो म्हणाला. "देव तुमीच बसवलाय."

अचल प्रतिष्ठेचे त्याला कोणी सांगितले? की सगळ्यांनाच ठाऊक आहे?

१६ ऑक्टोबर

सांगितले.

सकाळी शेठ एकटे होते. मी उभ्याउभ्याच म्हटले की तीन वर्षांपूर्वी मी थट्टा केली. यंत्राची प्राणप्रतिष्ठा होत नाही, अचल वगैरे मी माझ्या पदरचे सांगितले. वंशाला काही लागत नाही. दोष सर्वस्वी माझा. वाटल्यास मला काढा.

शेठनी अडकित्त्याने सुपारी कातरली. चिडले नाहीत, चकितही झाले नाहीत. मला वाटते त्यांना नीट उमजलेच नाही.

"खांबेटे, तुम्ही थट्टेत म्हटलं असेल. पण मंत्र तर खरेच होते ना?"

"मंत्र खरे होते."

"मग झालं तर. देव बसला. तुमच्या मनात काय होतं ते देव कशाला बघतो?"

पाठशाळेत हाच प्रश्न आला असता तर आठवडाभर वाद चालला असता, आणि शेठचा पक्ष जिंकला असता.

मी तरीही हात जोडून म्हटले, "काहीतरी मार्ग काढू या, शेठ. तेहेतीस घरं आहेत."

ते उठले, टोपी घातली. "मी काही देवाला हात लावणार नाही. वरून हुकूम आला, तर गोष्ट वेगळी. मग माझ्या हातात काय?" एवढे बोलून हसले आणि मोटारीत बसून मुलुंडला गेले. तिथे त्यांचे नवे घर बांधून होत आले आहे.

दिवसभर ते वाक्य कानात होते.

१७ ऑक्टोबर

सुचले. म्हणजे त्यांनीच सुचवले, मला कळायला एक दिवस लागला.

राजाज्ञा. राजाच्या आज्ञेने देवळेसुद्धा हलतात, आणि दोष यजमानाला लागत नाही. शेठना मोटर बदलायची आहे, पण आपल्या हाताने देव उठवल्याचे पाप नको. बिचारे तोंडाने कसे सांगणार? म्हणून सूचक बोलले. मी एवढा शिकलेला माणूस, मालकाच्या मनातले मला त्यांनी अर्धे उच्चारल्यावर कळले.

तर आता कंपनीनेच हुकूम काढला पाहिजे.

शेठ बाहेरगावी जाताना पाच-सहा कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्या खणात ठेवतात, पत्रे अडू नयेत म्हणून. त्यातला एक काढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा विशेषणाशिवाय पत्र लिहिले. आमच्या कामाला चाळीस घोडे पुरतात. शंभर घोड्यांची मोटर निरुपयोगी आहे व विजेचा अपव्यय करते. पट्टा उतरवला तरी काटा एकावन्न दाखवतो, आपला माणूस पाठवून खात्री करावी. चाळीस घोड्यांची मोटर आमच्या गुदामात तयार आहे. तरी मोठी मोटर बंद करण्याचा व आमची विजेची मंजुरी शंभरावरून चाळीसवर आणण्याचा लेखी हुकूम कृपया त्वरित द्यावा.

सात ओळी. तानाजीला वाचून दाखवले.

"शंभराचं चाळीस? त्येबी शेठच्या सहीनं?"

"त्यांच्याच मनातलं आहे."

"बरं बुवा," तो म्हणाला. "मी न्हेऊन टाकतो पोष्टात. तुमचं मन फिरायच्या आत." आणि खरेच निघून गेला.

२० ऑक्टोबर

कंपनीचा माणूस येऊन आकडे पाहून गेला. शेठ मुलुंडला. रखमाबाईने त्याला पाणी दिले आणि विचारले, तुमीच का तार तोडणारे? तो म्हणाला, नाही बाई, तोडणारा वेगळा, मी मोजणारा. ती म्हणाली, मग बसा.

२३ ऑक्टोबर

मुंबईचे पाहुणे पुन्हा. या वेळी बरोबर एक वकील. शेठ म्हणाले, येत्या सोमवारी अकराला सगळे मिळून येतो, टेबल आवरून ठेवा, चांगला टाक ठेवा. तेहेतीस नोटिसाही सोमवारी सहीला तयार हव्यात.

मी अजून एकही नाव काढलेले नाही. कागद पुढे घेतो आणि चेहरे येतात. कोणाची मान कशी वाकते, कोण कांडी भरताना गुणगुणते. रखमाबाईचे नाव लिहून पाहिले, फक्त अक्षर कसे दिसते ते पाहायला, आणि कागद फाडला. हुकूम वेळेवर आला नाही तर? दारातून बाहेर पडलो की मागांचे दालन, आत आलो की भिंतीमागे ऐरावत. जेवण जात नाही.

वासंतीला पत्राचे आज सांगितले. वाटले होते, शाबासकी देईल. तिने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंजुरी चाळीसवर आणा, असं लिहिलंत?"

"हो."

"ते पाहुणे कशासाठी येतात, कधी विचारलंत का हो तुम्ही?"

"ऐरावत पाहायला."

तिने माझ्याकडे पाहिले, ओरडेल असे वाटले, पण ओरडली नाही. ताटात आणखी भात वाढला. "जेवा," म्हणाली. "चांगलं काम केलंत. जेवा आता."

२७ ऑक्टोबर, शनिवार

हुकूम आला. तीन ओळी. आपल्या विनंतीनुसार मंजुरी शंभरावरून चाळीस अश्वशक्तीवर आणण्यात येत आहे. मोठी मोटर सोमवार ता. २९ रोजी सकाळी बंद करून मोहोरबंद करण्यात येईल. आवक रजिस्टरात नोंदवला. शाईचा एक ठिपका पडला, तो टिपून घेतला.

तानाजीने चार माणसे घेऊन गुदामातली मोटर बाहेर काढली. धूळ झाडली, तेल दिले. रखमाबाई येऊन पाहून गेली. "हिला नाव काय ठेवलं?" म्हणाली. मी म्हटले, काही नाही. "बरं केलंत," म्हणाली.

नोटिसांचे कोरे कागद खणात ठेवून दिले.

२९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आठला कंपनीची माणसे आली. ऐरावत बंद झाला. घरघर थांबली तेव्हा आम्हा सगळ्यांना कानांत काहीतरी झाल्यासारखे वाटले. त्यांनी लाखेची मोहोर लावली. मी मनातल्या मनात विसर्जनाचा मंत्र म्हटला. थट्टा नव्हे, सवय. साडेनऊला तानाजीने छोटी मोटर सुरू केली. सगळे माग, चव्वेचाळीसही बायका, काळा काटा सदतीस.

तानाजीने काट्याकडे बोट दाखवले.

हुकुमाचा कागद शेठच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवला आहे, त्यावर पितळी वजन. पाहुण्यांसमोरच त्यांना आनंदाची बातमी कळेल. तीन वर्षांचे ओझे उतरेल, त्यांचे आणि माझे. अकराला पाच मिनिटे कमी आहेत आणि रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला आहे. हे घाईने लिहितो.

घरी डोकावून आलो. वासंतीने माळ्यावरची ट्रंक खाली काढली आहे, पितळी भांडी कागदात गुंडाळून तिच्यात रचते आहे. म्हटले, लक्ष्मीपूजन उद्यावर आले आणि भांडी आत कशी? म्हणाली, डोंबिवलीला दादाला निरोप धाडला आहे, त्याची मागची खोली रिकामीच असते.

दिवाळीला चार दिवस माहेरी जायची तिची इच्छा असेल, तर माझी काही हरकत नाही. शेठ आज रजा नक्की देतील.